अंकाराच्या कामगार मंत्रालयाला खुलं पत्र : अरब देशांत राबलेल्या तुर्की कामगारांचे दिवस मोजा

प्रति,
मा. कामगार व सामाजिक सुरक्षा मंत्री, तुर्की प्रजासत्ताक, अंकारा
आणि परदेशस्थ तुर्कांसाठीच्या सरकारी विभागाचे अध्यक्ष

साहेब, मेरहबा.

पत्र मराठीत आहे त्याला इलाज नाही. माझं तुर्की म्हणजे 'चाबुक चाबुक' (लवकर) आणि 'यावाश यावाश' (हळू) एवढंच, साइटवर तेवढं पुरायचं, मंत्र्याला पत्र लिहायला पुरणार नाही. तुमच्याकडे कोणीतरी मशीनवर टाकून वाचेल, नाही वाचलं तर निदान आमचे लोक वाचतील, कारण यातलं अर्धं आमच्या दिल्लीलाही लागू आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला, खेडचा. कतारमध्ये एका बांधकाम कंपनीत टाइमकीपर होतो. कंपनीत तुर्क भरपूर, मुदीर म्हणजे मॅनेजर तुर्क, इंजिनिअर तुर्क, फोरमन तुर्क आणि सुरुवातीला शटरिंगचे सुतारसुद्धा तुर्क, नंतर ते कमी कमी होत गेले, त्याचं पुढे सांगतो. टाइमकीपर म्हणजे पहाटे गेटवर उभा राहून हजेरी घेणारा, ओव्हरटाइमचे तास चढवणारा आणि महिनाअखेरीला नेपाळी, बांगलादेशी, तुर्क, आपले भैय्ये सगळ्यांच्या शिव्या खाणारा माणूस. दिवस मोजणं हाच माझा धंदा होता आणि तुमच्याकडे माझी तक्रार आहे तीही दिवस मोजण्याबद्दलच आहे. तुमच्याकडे पेन्शन किती दिवसांचा हप्ता भरला त्यावर मिळते, आणि अरब देशांत राबलेल्या तुर्काचे दिवस त्यात आपोआप धरले जात नाहीत.

आधी एक सांगून टाकतो, मे २०२५ मध्ये तुर्कीने पाकिस्तानची बाजू घेतली तेव्हापासून आमच्याकडे तुर्कीचं नाव काढलं की लोक भडकतात, पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद घ्यायचं बंद केलं होतं, तेव्हा खाली कमेंटमध्ये 'तुला काय पुळका' असं येणारच. येऊ द्या. दोन सरकारांचं जे असेल ते असेल, शटरिंगच्या सुताराने त्यात काही केलेलं नाही.

तर मुद्दा. तुमच्या देशात परदेशी गेलेला कामगार म्हटलं की जर्मनी. ३० ऑक्टोबर १९६१ चा करार, इस्तंबूलच्या सिर्केजी स्टेशनवरून म्युनिकला सुटणाऱ्या गाड्या, साठ वर्षं झाली तेव्हा दोन्ही देशांत कार्यक्रम. असू दे, ते लोक खरंच राबले. पण १९७३ मध्ये जर्मनीने कामगार भरती बंद केली, त्याच सुमारास तेलाचे भाव चढले आणि तुमचा कामगार दक्षिणेकडे वळला. त्याच्या आधीच, १९७२ मध्ये, एसटीएफए कंपनीने लिबियात त्रिपोली बंदराचं काम घेतलं होतं, तुमच्या कंत्राटदारांचा परदेशातला पहिला मोठा जॉब म्हणून तुम्हीच ते सांगता. १९७४ ला सायप्रसमध्ये तुमचं सैन्य उतरलं तेव्हा लिबियाच्या गद्दाफीने तुम्हाला मदत केली, १९७५ ला लिबियाशी कामगार करार झाला, मग १९८२ ला जॉर्डन, १९८६ ला कतार. ऐंशीच्या दशकात तुमच्या सरकारी रोजगार कार्यालयातून बाहेर पाठवलेली बहुतांश माणसं लिबिया, सौदी आणि इराकमध्येच गेली. लिबियाच्या कराराला २०२५ मध्ये पन्नास वर्षं झाली, ती तुमच्या मंत्रालयात किती जणांना आठवली असतील?

फरक सरळ आहे. जर्मनीला गेलेला तिकडे राहिला, बायको पोरं नेली, आणि १९६४ ला तुम्ही जर्मनीशी सामाजिक सुरक्षेचा करार केलात त्यामुळे त्याचे तिथले दिवस पेन्शनला धरले गेले. अरबस्तानात गेलेला कंपनीबरोबर गेला, कंपनीच्या कॅम्पात राहिला, काम संपलं की कंपनीबरोबर परत आला किंवा पुढच्या देशात गेला. घर नाही, नागरिकत्व नाही, तिथे जन्मलेली पुढची पिढी नाही. ज्याच्यामागे समाज उभा राहत नाही त्याची नोंद कोणी ठेवत नाही असं माझं मत झालंय, आणि तुमच्या परदेशस्थ तुर्कांच्या विभागाचं तोंड २०१० ला स्थापन झाल्यापासून जास्त करून युरोपकडेच आहे.

आमच्या साइटवर एक फोरमन होता, आम्ही सगळे त्याला अबी म्हणायचो, आमच्यातल्या दादासारखं. काळ्या समुद्राच्या बाजूचा. पोरगेला असताना लिबिया, मग सौदी, मग इराक, मग कतार. माणूस कडक, लाकूड वाकडं लागलं तर आई बहीण काढायचा, पण सही करताना टाइमशीटवरचा एकेक तास बोट ठेवून वाचायचा. सुट्टीवर गावी गेला तेव्हा पेन्शनची चौकशी करून आला. आयुष्यभर काम केलेल्या माणसाच्या नावावर गावाकडच्या सुरुवातीच्या नोकरीचे आणि मधल्या काही महिन्यांचे दिवस होते, बाकी सगळं कोरं. त्याने मला विचारलं की अरे तू हजेरी लिहितोस ती जाते कुठे? मी म्हटलं अबी, पगाराला जाते, दुसरीकडे कुठे जाणार.

तेव्हापासून मी हे प्रकरण वाचत गेलो. तुमचा ५५१० नंबरचा सामाजिक विम्याचा कायदा आहे, २००८ पासून लागू झालेला. त्याच्या पाचव्या कलमात लिहिलंय की ज्या देशाशी सामाजिक सुरक्षेचा करार नाही तिथे तुर्की कंपनीने नेलेल्या तुर्की कामगाराला अपघात, आजारपण आणि आरोग्य विमा मिळेल. हे चांगलंय, खोटं कशाला बोलू, आमच्या माणसाला एवढं मिळत नाही. पण म्हातारपणाची पेन्शन? ती ऐच्छिक. कामगाराने स्वतः अर्ज करायचा, स्वतःच्या पगारातून हप्ता भरायचा, कंपनीवर बंधन नाही. म्हणजे तोच सुतार तीच कंपनी, काम अंकाराला असेल तर कंपनी पेन्शनचा वाटा भरणार आणि काम रियाधला असेल तर नाही! हा काय न्याय झाला?

तुम्ही म्हणाल की ३२०१ चा कायदा आहे ना, १९८५ चा, परदेशातले दिवस नंतर पैसे भरून विकत घेता येतात. येतात, पण २०१९ मध्ये त्याचा दर तुम्ही, धरलेल्या रोजच्या पगाराच्या, ३२ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर नेलात, आणि वर असे विकत घेतलेले दिवस नोकरदाराच्या खात्यात न धरता स्वतःचा धंदा करणाऱ्याच्या खात्यात धरायला लागलात. नोकरदाराला ७२०० दिवस लागतात आणि धंदेवाल्याला ९०००. जो माणूस आयुष्यात कधी स्वतःचा मालक नव्हता, ज्याला संडासला जायला पण चार्जहँडला, म्हणजे टोळीच्या मुकादमाला, सांगून जावं लागायचं, तो कागदावर धंदेवाला. मार्च २०२३ मध्ये तुम्ही वयाची अट काढून लाखो लोकांना पेन्शनला मोकळं केलंत, सप्टेंबर १९९९ च्या आधी कामाला लागलेल्यांना, फार चांगलं केलंत, पण त्यातही दिवस भरलेले असणं आलंच, आणि ज्याचे दिवस वाळवंटात गेले तो परत काउंटरवर पैसे मोजायला उभा.

आणि कागद. दिवस विकत घ्यायचे तरी काम केल्याचा पुरावा लागतो, नुसते पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के पुरत नाहीत. आता लिबियाचंच घ्या. फेब्रुवारी २०११ मध्ये तिथे पंचवीस हजारांच्या आसपास तुर्क होते, बेनगाझीहून ओरहान गाझी आणि ओस्मान गाझी ह्या फेरीबोटी हजारो माणसं भरून मार्मारिसला आल्या, तुमच्या सरकारने ते काम झपाट्याने केलं, जगाने बघितलं. आमचेही हजारो लोक तेव्हा तिथून जहाजाने आणि विमानाने निघाले. पण साइटवरची कपाटं, रजिस्टरं, पगारपत्रकं कोण घेऊन निघालं? पंधरा अब्ज डॉलरच्या वर किमतीची कामं अर्धी पडली, त्या पैशांसाठी कंत्राटदार संघटना वर्षानुवर्षं बोलत राहिली, सरकार पण बोललं. कामगाराच्या हजेरीच्या कागदासाठी कोण बोललं?

थकबाकीचं हे जुनंच आहे. १९८६ मध्ये तेल पडलं तेव्हापासून लिबिया तुमच्या कंत्राटदारांचे पैसे थकवत होता, ऑक्टोबर १९९६ मध्ये तुमचे पंतप्रधान एरबाकान गद्दाफीकडे गेले त्यात हा विषय होताच, आणि तंबूत बसवून गद्दाफीने कुर्दांवरून चारचौघांत सुनावलं ते वेगळं. कंपनीचा पैसा अडकला की पंतप्रधान तंबूत जाऊन अपमान गिळतो. असू दे, ती पण गरज असते.

एक गोष्ट मात्र तुमच्या लोकांनाही नीट समजावून सांगा, कारण भाषणात नेहमी येतं की आम्ही अमुक देशाशी सामाजिक सुरक्षेचा करार करू. लिबियाशी तो आहे. पण सौदीशी किंवा कतारशी केलात तरी त्यातून या माणसाला पेन्शन कशी मिळणार? तिथे परदेशी कामगाराला पेन्शनच नाही. सौदीत परक्या माणसासाठी मालक फक्त कामावरच्या अपघाताच्या विम्याचे दोन टक्के भरतो, पेन्शनचा हप्ता फक्त सौदी नागरिकाचा जातो. नोकरी सोडताना सर्व्हिसचे पैसे मिळतात, सौदीत पहिली पाच वर्षं वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार आणि त्यानंतर एक महिन्याचा, कतारमध्ये वर्षाला कमीत कमी तीन आठवड्यांचा. तुमच्या देशात वर्षाला तीस दिवसांचा. म्हणून तर तुमच्या कामगार कोर्टात केस उभी राहिली की कंपनीचा वकील पहिलं भांडण काढतो की कुठल्या देशाचा कायदा लावायचा. पाच वर्षांच्या आत परत आलेल्या माणसाला सौदीचा कायदा लावला की रक्कम निम्मी. म्हणजे पेन्शनचा पैसा रियाधहून यायची वाट बघण्यात अर्थ नाही, तो कंपनीच्या अंकारा इस्तंबूलच्या ऑफिसातूनच यायला पाहिजे.

ऐच्छिक योजनेचं काय होतं ते आम्ही करून बघितलंय, ऐका. आमच्या सरकारने २०१२ मध्ये गल्फला जाणाऱ्या कामगारांसाठी महात्मा गांधी प्रवासी सुरक्षा योजना काढली होती, तू थोडे भर सरकार थोडे टाकेल, पेन्शन मिळेल, परत आल्यावर बसण्यासाठी पैसे मिळतील. नाव मोठं, हेतू चांगला. माणसंच आली नाहीत, २०१७ मध्ये गुंडाळली. का आली नाहीत तर गल्फला गेलेला माणूस पहिली दोन वर्षं एजंटचं कर्ज फेडतो, मग बहिणीचं लग्न, मग घराचा स्लॅब, तो साठीनंतरच्या पेन्शनसाठी आपणहून फॉर्म भरणार आहे का? माझ्या कोकणातल्या गावातले निम्मे बाप्ये दुबई कुवेत सौदी करून आलेत, त्यातल्या एकानेही भरला नव्हता. कापून घेतलं तर राहतं, हातात दिलं तर जातं, हे घरातली आईसुद्धा सांगेल. तेव्हा 'आम्ही पर्याय दिलाय, कामगार घेत नाही' असं तुमचे अधिकारी म्हणत असतील तर त्यांना आमची ही बंद पडलेली फाईल दाखवा.

आता कंपन्यांचं म्हणणं. हे मी कॅम्पात डोळ्यांनी बघितलंय म्हणून बोलतो. तुर्क सुतार महाग, त्याला पगार जास्त, खोलीत माणसं कमी, सहा महिन्यांनी घरी जायचं तिकीट, जेवायला मसूरचं सूप, पांढरा पाव आणि चहाचा सतत सप्लाय. आम्हाला त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून हळूहळू तुर्क सुतार गेले आणि त्यांच्या जागी नेपाळचे, बिहारचे, आंध्रचे आले, वर फक्त फोरमन आणि इंजिनिअर तुर्क राहिले. मी स्वतः त्याच हिशोबात भरती झालो, माझ्या खुर्चीवर आधी तुमच्या त्राब्झोनचा एक पोरगा बसायचा. तेव्हा कंपन्या तुम्हाला नक्की सांगणार की साहेब पेन्शनची सक्ती केली तर तुर्क अजून महाग होईल आणि उरलेले पण जातील. खोटं नाही ते. पण पेन्शनची सक्ती नव्हती तेव्हाच तर ते गेले ना! सूट देऊन माणूस राहिला असता तर बोलण्यात दम होता.

शिवाय तुमच्या हातात दोरी आहे. अर्ध्या ट्रिलियन डॉलरच्या घरातली कामं तुमच्या कंत्राटदारांनी १९७२ पासून परदेशात केली, जगातल्या मोठ्या कंत्राटदारांच्या यादीत संख्येने चीननंतर तुमचा नंबर लागतो, आणि ह्या कंपन्यांच्या मागे तुमची सरकारी एक्झिमबँक, म्हणजे निर्यातीला कर्ज देणारी बँक, गॅरंटी आणि कर्ज घेऊन उभी असते. कुवेत विमानतळाचं चार अब्ज डॉलरच्या वरचं टर्मिनल तुमच्या लिमाक कंपनीने घेतलं, दोहा मेट्रोच्या गोल्ड लाइनवर तुमच्या यापी मर्केझी आणि एसटीएफए आमच्या मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोबरोबर एकाच जोडकंत्राटात होत्या, कतारच्या अल थुमामा स्टेडियमवर तुमची तेकफेन होती. एवढी मोठी कामं घेणाऱ्याला सरकारी गॅरंटी देताना एक अट टाका, साइटवर नेलेल्या प्रत्येक तुर्की कामगाराचा पेन्शनचा हप्ता, मालकाच्या वाट्यासकट, दर महिन्याला भरल्याशिवाय पुढची गॅरंटी नाही. आणि हप्त्याबरोबर हजेरी पण अंकाराला जाऊ द्या. आता सगळं कॉम्प्युटरवर असतं, बोट लावलं की पंच होतं, टाइमकीपरने एक फाईल पगाराला पाठवायची तशी दुसरी तुमच्या विमा संस्थेला, दहा मिनिटांचं काम, उद्या त्या देशात युद्ध झालं तरी दिवस अंकाराच्या सर्व्हरवर शाबूत.

युद्ध म्हटलं म्हणून, इराकचं विसरू नका. जून २०१४ मध्ये मोसूलला आयसिसने तुमच्या वाणिज्य दूतावासातल्या ४९ जणांना धरलं, ते सगळ्यांना आठवतं. त्याच दिवसांत तीसेक तुर्की ट्रक ड्रायव्हर पण धरले गेले होते, ते कमी आठवतात. सप्टेंबर २०१५ मध्ये बगदादच्या सद्र सिटीत स्टेडियम बांधणाऱ्या १८ तुर्की कामगारांना साइटवरून उचलून नेलं, महिनाभरात सगळे सुटले. तुमच्या सध्याच्या नियमाने असे बंधकातले दिवससुद्धा, स्वतः हप्ता भरला नसेल तर, पेन्शनला शून्य. असल्या जागी माणूस पाठवायचा आणि वर पेन्शनचं तुझं तू बघ म्हणायचं.

सौदीतल्या दुकानदारांचं वेगळं आहे पण ते सोडून चालणार नाही. सीरियाच्या सीमेजवळच्या हाताय प्रांताचे लोक, अंताक्या, समनदाग, रेहानली ह्या बाजूचे, घरात अरबी बोलणारे, म्हणून त्यांना सौदीत सोपं गेलं, न्हाव्याची दुकानं, शावरमा कबाबची हॉटेलं, फर्निचर, गाड्यांची गॅरेजं. पण दुकान स्वतःच्या नावावर नाही, कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या सौदी माणसाच्या, नावावर, महिन्याला त्याला ठरलेला हप्ता. जुलै २०१७ पासून घरच्या प्रत्येक माणसामागे महिन्याला १०० रियाल फी लागली आणि दरवर्षी शंभरने वाढत ४०० वर गेली, चार माणसांच्या कुटुंबाने काय करायचं, बायको पोरांना परत पाठवलं, आमच्या मराठी लोकांनी पण तेच केलं. मग २०१८ ला दुकानांत सौदी माणूस ठेवायची सक्ती, २०२० ला दुसऱ्याच्या नावावर धंदा करण्याविरुद्धचा नवा कायदा.

त्यात तुमच्या दोन सरकारांचं बिनसलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये खाशोगी ह्या सौदी पत्रकाराचा इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात खून झाला, तुम्ही आवाज उठवलात, योग्यच केलंत. २०२० च्या शेवटाला सौदीत तुर्की मालावर बहिष्कार, आणि २०२१ च्या शाळावर्षाच्या शेवटी आठ तुर्की शाळा बंद करायचा आदेश, दोन हजारांच्या वर मुलं. जेद्दाच्या न्हाव्याच्या पोराने खाशोगी प्रकरणात काय केलं होतं? एप्रिल २०२२ मध्ये तुमचे राष्ट्राध्यक्ष जेद्दाला गेले, जूनमध्ये सौदी युवराज अंकाराला आले, २०२३ मध्ये तर ड्रोनचा मोठा सौदा झाला, सगळं गोड झालं. ज्या घरातलं पोरगं त्या मधल्या काळात आईबरोबर हातायला परत गेलं त्यांच्या वाट्याला ६ फेब्रुवारी २०२३ चा भूकंप आला. अंताक्या जवळजवळ झोपलं. बाप सौदीत, घर ढिगाऱ्यात, आणि त्या बापाच्या नावावर पेन्शनचे दिवस किती ते तुम्हाला माहितीच आहे, कारण तो कोणत्याच कंपनीने नेलेला नाही, त्याला तर पाचव्या कलमातलं अपघाताचं छत्र पण नाही. ह्या लोकांना ३२०१ खाली तरी निदान जुन्या ३२ टक्क्यांच्या दराने दिवस घेऊ द्या आणि पैसे हप्त्याहप्त्याने भरू द्या, भूकंपाच्या जिल्ह्यांपासून सुरुवात करा, कोणी हरकत घेणार नाही.

कंपनीने नेलेल्यांचं वर लिहिलंच आहे, पेन्शन सक्तीची आणि मालकाच्या वाट्यासकट, विकत घेतलेले दिवस नोकरदाराच्याच खात्यात, आणि जुन्या लोकांसाठी कागद नसेल तर बरोबर काम केलेल्या दोन माणसांची साक्ष आणि पासपोर्टचे शिक्के मान्य करा. साक्षीला माणसं मिळतील, फक्त ती सगळी तुर्क असतील असं नाही. केरळात, नेपाळात, बांगलादेशच्या सिलेटमध्ये आणि आमच्या खेड दापोलीला अशी माणसं बसलीत ज्यांना कुठला फोरमन कुठल्या साली कुठल्या पिलरवर होता ते तोंडपाठ आहे. परदेशी माणसाची साक्ष तुमच्या दूतावासात, मुंबईत तुमचं वाणिज्य दूतावास आहे तिथे, नोंदवायची सोय केलीत तर अबीसाठी पहिला मी येतो, आधारकार्ड आणि जुना कतारचा बताका, म्हणजे ओळखपत्र, घेऊन.

कळावे,
आपला,
कतारच्या एका साइटवरचा माजी टाइमकीपर,
मु. पो. ता. खेड, जि. रत्नागिरी

ता. क. : ह्याची एक प्रत आमच्या परराष्ट्र मंत्रालयालाही पाठवतोय. २०१७ ला बंद केलेल्या योजनेच्या जागी काय आणलं ते त्यांनी मराठीत, नाहीतर हिंदीत कळवावं.